राजकन्या आजारी आहे

मी एक डाव बोलतोय. पत्त्यांचा नव्हे, बुद्धिबळाचाही नव्हे. संगणकावर मांडलेला, अर्ध्यावर जपून ठेवलेला एका राज्याचा डाव. मला हातात धरता येत नाही की कपाटात ठेवता येत नाही. एका जुन्या संगणकाच्या पोटात चकती फिरते, तिच्यावर कुठेतरी माझा मुक्काम आहे. हल्ली ती चकती खरखरते, म्हणून जरा भराभर सांगतो. राग मानू नका.

खरं तर भराभर सांगणं माझ्या रक्तात नाही. आमच्या जातीचे खेळ म्हणजे चिवट पाहुणे, एकदा आले की हलायचं नाव घेत नाहीत. शेकडो वर्षांपूर्वीच्या जगाचा नकाशा समोर येतो. त्यातलं एक राज्य तुम्ही उचलायचं आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळायचं. कर, धान्य, रस्ते, बंदरं, तह, सोयरिकी, सतरा भानगडी. कर वाढवला की प्रजा कुरकुरते, कमी केला की शिपाई उपाशी. शेजाऱ्याला मुलगी द्यावी तर तो उद्या राज्यावर हक्क सांगतो, न द्यावी तर आजच रुसतो. आणि गंमत म्हणजे यात जिंकणं असं काही नसतंच. टिकायचं, एवढंच. नवखे लोक पहिल्याच दिवशी डोक्याला हात लावून उठतात. ज्यांना गोडी लागते त्यांना मात्र जेवायलाही दोनदा हाक मारावी लागते.

माझा मालक भूमापन कचेरीत नकाशे काढायचा. त्याची भाची त्याला मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. नोकरी संपली आणि मामाचे हात रिकामे झाले. घर दोन खोल्यांचं, माडीवर. खाली सायकलवाल्याचं दुकान. पुढच्या खोलीत खिडकीशी मामीचं शिवणयंत्र. मामी कपडे दुरुस्त करून देते, बाह्या आखूड करणं, उसवलेलं शिवणं, चेन बदलणं. दिवसभर गिऱ्हाइकं येतात-जातात आणि मामा मधेच उभा. "रिकामा माणूस घरात म्हणजे पायात येणारं स्टूल," मामी म्हणायची. "इकडे सरकवा, तिकडे सरकवा, ठेच ठरलेली."

भाची संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तिनेच हा जुना संगणक आणला, शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर बसवला आणि म्हणाली, "मामा, हे बघ. यात नकाशाच नकाशा आहे."

मामाने चष्मा पुसला आणि एका नदीची रेघ बोटाने शेवटपर्यंत चाचपून पाहिली. मग म्हणाला, "बरा काढलाय."

माझ्याआधी त्याने दोन राज्यं बुडवली. ती माझी थोरली भावंडं म्हणायला हरकत नाही. पहिल्यात त्याने हौसेने एवढं सैन्य उभं केलं की तिजोरीत खडखडाट झाला. दुसरं बुडालं सोयरिकीत. मोठ्या घरची सून आणली आणि चार वर्षांत सुनेच्या माहेराने राज्यच गिळलं. मामी मशीनवरून हसली. "लग्न पाहावं करून! मध्यस्थीला मला बसवायचं होतंत."

तिसरा मी. नकाशाच्या कडेला एक डोंगर, एक बंदर आणि मधली थोडी शेतं, एवढंच माझं राज्य. डाव मांडताना एक खूण करता येते, ती केली की मागे फिरणं बंद. चुकलात तर चुकलात, आदल्या दिवसावर जाता येत नाही. भाची म्हणाली, "ती खूण नको करूस मामा, फार जड जातं." पण मामाने केली. म्हणाला, "मी आयुष्यभर शाईने नकाशे काढले. शाईची रेघ खोडता येत नाही, म्हणून तर हात जपून चालतो."

आणि हात खरंच जपून चालायचा. या खेळात काळ आपोआप धावतो, पण खालचं लांब बटण दाबलं की सगळं जग जागच्या जागी थांबतं. मामा सारखा थांबवायचा. दूत आला, थांबव. पीक बुडालं, थांबव. हनुवटी चोळायची, विचार करायचा, मग पुढे. दुसऱ्यांच्या डावात शतकं उलटायची तेवढ्या वेळात आमचा एक पावसाळा उरकायचा.

"काय म्हणतंय तुमचं राज्य?" मामी विचारायची.

"शेजारी डोळा ठेवून आहे."

"ठेवू दे. तुम्ही आधी ही भाजी निवडा, महाराज."

आणि महाराज भाजी निवडायचे. माझे ते दिवस फार सुखाचे होते, हे मी आधीच सांगून टाकतो.

मग एके दिवशी पडद्यावर खिडकी उघडली. राणीला कन्या झाली. अशा वेळी एक नाव मीच सुचवतो, पण हवं तर बदलता येतं. मामाने मी सुचवलेलं नाव पुसलं. एकेक अक्षर शोधून दुसरं लिहिलं आणि काळ थांबवून बघत बसला.

ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. का ते कळेलच.

मामी चहा घेऊन आली. तिने पडदा पाहिला. चहा बशीत सांडला, तरी ती कप धरून तशीच उभी राहिली. मग कप ठेवला आणि आत गेली. आतून आवाज आला.

"कुणाला विचारून लिहिलंत?"

मामाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तेव्हाही मला विचारलं नव्हतंत. डॉक्टरांनी तुम्हाला दाराबाहेर नेलं. मी खाटेवर, पोर पलीकडच्या खोलीत त्या काचेच्या पेटीत. तुम्ही आत आलात तेव्हा सगळं उरकलेलं होतं."

"अगं, विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं गं."

"मग तेवढं तरी मला सांगायचं! जवळ जाऊन बसले असते. हात लावला असता."

तेव्हा मला कळलं. यांना एक मुलगी झाली होती. नाव पोटात असतानाच ठरवलेलं, दोघांनी मिळून. पण ती जगली नाही, आणि नाव ठरलेलं असून हाक मारायची राहिली. त्यानंतर ते नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मामाने तोंडाने उच्चारलं नाही, माझ्यात लिहिलं. बिचाऱ्याला दुसरी जागा सापडली नसावी.

मामी बरेच दिवस पडद्याकडे पाठ करून शिवत बसली. मामाही माझ्याकडे यायचा तो चोरट्यासारखा. मुलगी मात्र माझ्यात वाढत होती, थांबत थांबत का होईना. मग एका दुपारी शिवणयंत्र थांबलं. मागे न बघता मामीने विचारलं, "चालायला लागली का?"

"कधीच," मामा म्हणाला. "आता शिक्षक नेमायचाय. एक पंडित आहे, हुशार पण तापट. दुसरी एक म्हातारी आहे, अक्कल बेताची, पण माया करणारी."

"म्हातारीला नेमा."

"अगं, पुढे राज्य करायचंय तिला."

"राज्य गेलं खड्ड्यात. म्हातारीला नेमा म्हटलं ना."

त्या दिवसापासून मामीने खुर्ची फिरवली. शिवता शिवता पडदा दिसेल अशी. माझ्या राज्याचा कारभारच पालटला. मामा एरवी तह-करांत रमणारा. आता त्याने लढाया टाळल्या, शेजाऱ्याला नमतं घेतलं, बंदराचं उत्पन्न किल्ल्याच्या तटात घातलं. मुलीला कशाची झळ लागू नये, एवढंच त्याचं राजकारण. आणि सोयरिकी यायला लागल्या तेव्हा तर काय विचारता! राजघराण्यांत पोर जरा उंच झाली की दूत दारात. मी प्रत्येक मुलाचं चित्र दाखवतो आणि खाली त्याचे गुणदोष. मामा वाचून दाखवायचा, मामी सुईत दोरा ओवता ओवता निकाल द्यायची.

"हा शूर आहे."

"म्हणजे घरी टिकणार नाही. पुढचा."

"हा श्रीमंत, पण आळशी."

"एक आळशी पुरे झाला या घराला. पुढचा."

"हा सर्वगुणसंपन्न आहे गं. नुसतं वय जरा..."

"त्या थोराडाला माझी मुलगी? दूताला हाकलून द्या आधी!"

माझी मुलगी. पहिल्यांदा म्हणाली. मामाने ऐकलं आणि दूताला परत पाठवायचं बटण दाबलं. नावाने मात्र अजून दोघंही बोलवत नसत. 'ती' म्हणायचे, 'आपली' म्हणायचे.

आणि मग ती खिडकी उघडली. राजकन्या आजारी आहे. ताप उतरत नाही. काय करावं?

खाली तीन बटणं. राजवैद्यावर सोपवा. परदेशी वैद्याचा जहाल उपाय करून बघा. नाहीतर राणीने स्वतः उशाशी बसून शुश्रूषा करावी. पुढे काय होईल ते फासे ठरवतात, आणि मागे फिरणं तर मामाने पहिल्याच दिवशी बंद करून ठेवलेलं. मामाचा हात लांब बटणावर गेला. जग थांबलं.

"उद्या बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मला उघडलं, दोघंही तिच्या चित्राकडे बघत बसली, आणि पुन्हा तेच, उद्या बघू. शेजारी डोळा ठेवून होता, पीक कापणीला आलं होतं, जहाजं अर्ध्या समुद्रात उभी होती. सगळं जग त्या एका तापासाठी ताटकळलं होतं. असला वेडेपणा तीच दोघं करू जाणोत.

"थांबलंय तोवर ती आहे," मामा म्हणायचा.

"आहे, पण आजारी आहे," मामी म्हणायची. "तापात ठेवलीय आपण तिला." आणि तरी बटण तीही दाबायची नाही.

असेच दिवस गेले. एका सकाळी मामा मशीनच्या सुया आणायला खाली उतरला. येताना दम लागला म्हणून सायकलवाल्याच्या बाकावर टेकला, आणि तिथून उठलाच नाही. सायकलवाला धावत वर आला. दारात उभा राहून नुसता "मामी, मामी" करत होता. त्याच्या हातात सुयांची पुडी होती.

मामी तेव्हा रडली नाही. माणसं आली, गेली, समजूत घालून गेली. ती शांत. कुणी म्हणालं, धीराची आहे. मला विचाराल तर धीर वगैरे काही नव्हतं. तिने आतलं लांब बटण दाबून ठेवलं होतं.

तिने पडद्यावर घालायला एक कापडी झाकण शिवलं, मामाच्या जुन्या सदऱ्याचं, खिशासकट. रोज कामं आटोपली की झाकण काढायची. भाचीने शिकवल्याप्रमाणे मला उघडायची. राजा, राणी, अंथरुणावरची मुलगी आणि खाली ती तीन बटणं. बघायची आणि पुन्हा मिटवायची. मला वाटायचं, अगं बाई, काहीतरी कर. मी डाव आहे. मला पुढे जायला केलंय, असं मधेच अडकून राहायला नाही.

खरखर सुरू झाली ती त्याच सुमारास. भाचीने येऊन कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "मामी, ही चकती जायला आलीय. आज चालेल, उद्या चालेल, परवाचं सांगता येत नाही."

"मग आपला डाव नव्या संगणकात घाल ना."

"घालून पाहिला. तिकडे खेळाची नवी आवृत्ती आहे, तिला हा जुना डाव वाचताच येत नाही. हा इथेच चालणार, याच्यातच."

मामी खुर्चीत बसली. "म्हणजे हे बंद पडलं तर ती अशीच राहणार? तापात?"

भाची मनाने फार चांगली. तिने मामीचा हात धरला. "मामी, एक करता येतं. मी आत जाऊन एक आकडा बदलते. ताप गेला. कुणाला विचारायचं नाही, फासे नाहीत, काही नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

खाली सायकलवाला चाकातली हवा बघत ठोकत होता, तेवढा आवाज.

"नको," मामी शेवटी म्हणाली. "तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं गं. आता हे विचारतंय. उत्तर मला देऊ दे."

"पण मामी, वाईट झालं तर?"

"तर होईल. पण मी तिथे असेन. वाच बघू पुन्हा."

भाचीने तिन्ही बटणं वाचून दाखवली. तिसरं वाचून झालं तसं मामीने विचारलं, "ही राणी म्हणजे मीच ना?"

"तूच. पण जवळ बसलं की तिलाही ताप लागू शकतो हं. खाली लिहिलंय तसं."

"लागू दे. आई आहे का कोण आहे?"

तिने माऊस धरला, कापड कापताना कात्री धरते तसा घट्ट. तिसरं बटण दाबलं. मग लांब बटण. इतक्या दिवसांनी माझ्यात वारा सुटला. जहाजं हलली, पिकं कापली जाऊ लागली. फासे माझ्याच पोटात पडतात, पण माझ्या हातात नसतात. असते तर मी काय केलं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

खिडकी उघडली. राजकन्येचा ताप उतरला.

भाची टाळ्या वाजवत उठली आणि रडायलाच लागली. मामी पडद्याजवळ वाकली. "उतरला ना? नीट वाच. उतरलाच ना?"

"उतरला गं मामी, उतरला!"

तेवढ्यात दुसरी खिडकी उघडली. हिला एकच बटण होतं. माझ्यात अशाही खिडक्या असतात, त्या विचारत नाहीत, नुसतं कळवतात. मुलीच्या उशाशी बसलेल्या राणीला तिचाच ताप लागला आणि त्यात ती गेली.

भाची घाईने बटणाकडे वळली. "मामी, थांबवते मी..."

"राहू दे." मामीने तिचा हात अडवला. पडद्यावर आता राजा होता आणि त्याच्या शेजारी मुलगी. राणीची जागा रिकामी. मामी बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. "बरं झालं. असंच व्हायला हवं होतं. बापलेक राहिली ना एकत्र? तिकडे ती दोघं राहू देत. इकडे मी आहेच."

मग बांध फुटला. मामा गेल्यापासूनचं आणि त्याच्याही कितीतरी आधीचं, सगळं रडून घेतलं तिने. मामाच्या सदऱ्याचं ते झाकण तोंडाला लावून रडली. भाची पाठीवरून हात फिरवत राहिली. आणि मी चालत राहिलो, कारण थांबू नकोस म्हणून मला सांगितलं होतं.

ही झाली माझी हकीकत. आता मी रोज चालतो, सगळ्यात मंद गतीने. मामी मला हुकूम देत नाही. दूत येतात, ताटकळतात, आपोआप परत जातात. तिजोरीत आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. शेजाऱ्याने परवा एक शेत हडपलं, तिने मान वर केली आणि म्हणाली, "घे मेल्या, घे." मोठमोठ्या डावांचे खेळाडू माझा कारभार बघतील तर कपाळ बडवून घेतील. पण मुलगी मोठी होते आहे. राजा म्हातारा झालाय, हळूहळू कारभार तिच्याकडे जातोय. मामी बाह्या शिवते आणि अधूनमधून बघते.

चकती आता बोलता बोलता अडखळते. माझं शेवटचं पान कुठलं ते मला ठाऊक नाही. बंद पडलो तर वाईट वाटून घेऊ नका. डोंगर, बंदर, थोडी शेतं, एवढं राज्य मला खूप झालं. फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी माझ्यासारखा डाव मांडून तासन् तास बसत असेल, तर हसा, टोमणे मारा, भाजी निवडायला लावा. पण कधीतरी खुर्ची ओढून शेजारी बसा आणि विचारा, काय म्हणतंय तुमचं राज्य? त्या राज्यात त्याने कुणाला जपून ठेवलंय, तुम्हाला काय ठाऊक.

आज दुपारी मामी आत स्वयंपाक करत होती. मी एकटाच चालू होतो. तिने एकच ताट वाढलं, भांडी वाजली, आणि मग तिने हाक मारली. तेच नाव. मोठ्याने, दुसऱ्या खोलीतल्या मुलीला कुठलीही आई मारते तशी.

"अगं, जेवलीस का?"

पडद्यावरच्या मुलीने वळून पाहिलं नाही. तिला तसं केलेलंच नाही. पण हाक माझ्यापर्यंत पोचली, आणि मी ती ऐकेपर्यंत चकती चालली.